एक चांदणी आधी, एक चांदणी नंतर

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, आमच्या शेडच्या माळ्यावर,
जिथे पंखा फक्त गरम हवा ढवळतो,
मी पडद्यावरच्या चौकटीत टाइप केलं:
चांदणी, कणीस, चांदणी.
म्हणजे आधी काहीही असो, नंतर काहीही असो,
मधे मला आठवतं तेवढं.

खाली गिऱ्हाईक बसलेलं. बार्शीकडचे मास्तर,
मांडीवर वीस वर्षांची चादर, घडीच्या रेषेवर विरलेली.
काठाला ज्वारीची कणसं, मान खाली घातलेली.
"अशीच पाहिजे. एकच."
एका चादरीसाठी ताणा कोण लावतंय,
असं शेठ म्हणाले नाहीत,
नुसते चहा सांगून फोनवर गेले.

डिझाइन राजमल्लू कुरापाटींचं.
ते गेले, त्यांची डिस्क राहिली,
चिंधीत गुंडाळलेली, चौदा वर्षं वायरीला न लागलेली.
तिच्यात फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर:
नवीन, नवीन नवीन, जुनं नवीन,
इंदी पार्टी, इंदी पार्टी पैसे नाही.

शेठचा मुलगा म्हणाला, आधी सूची करून घ्या की ओ,
मग अक्षर दाबलं की उत्तर.
सूची व्हायला रात्र जाते,
आणि रात्रभर टिकलेली लाइट इथे कुणी बघितलीय?
शिवाय याद्यांचा मला अनुभव आहे.
वडील वारून सहा वर्षं झाली,
रेशनच्या यादीत अजून जेवतात.

मी वापरते ते सॉफ्टवेअर काहीच लिहून ठेवत नाही.
पेन ड्राइव्हवर मावतं, न बसवता चालतं.
विचारलं की उठतं, पहिल्या दारापासून सुरू करतं,
जनगणनेच्या बाईसारखं,
कुलूप दिसलं तरी कडी वाजवून बघतं.
कोपऱ्यात आकडा पळतो: नऊ हजार. एकवीस हजार.
सत्तेचाळीस हजार तीनशे बारा.
सापडल्या: शून्य.

ज्वारी घातलं. जोंधळा. शाळू. मालदांडी.
व्हीच्या जागी डब्ल्यू करून बघितलं.
तारीख घातली, आकार घातला.
दर वेळी तितक्याच सबुरीने ते सगळी घरं फिरून आलं
आणि रिकामे हात दाखवून उभं राहिलं.

जेवायच्या सुट्टीत आईला फोन केला, उगीच.
ती विड्या वळत होती, पानावर कात्री चाललेली ऐकू येत होती.
शाळेत गेल्यापासून मी तिच्याशी मराठीच बोलते,
ती तेलुगूत उत्तर देते, आमचं चालतं.
म्हटलं, राजमल्लूमामांचं कणीस सापडेना.
"कणीस एंदी?" कात्री थांबली.
"जोन्न कंकी."

फोन कानाला तसाच राहिला.
त्या काळी फाइलच्या नावाला आठच अक्षरं मिळायची, रोमन.
आणि मामा मोजायचे कुठल्या भाषेत,
शिव्या द्यायचे कुठल्या भाषेत,
हे मला माहीत नव्हतं थोडंच.
चांदणी, जोन्न, चांदणी.

अकराव्या हजाराला, सापडल्या: एक.
जोन्नकन. उरलेलं आठात बसलं नव्हतं.
उघडली. चौकोनाचौकोनांत कणसं,
डावीकडून तिसऱ्याला एक दाणा कमी.
खाली गेले, मास्तरांची चादर हातात घेतली,
बोटाने मोजत मोजत काठापर्यंत.
तिथेही कमी.
मास्तर म्हणाले, काय झालं?
म्हटलं, काही नाही, हीच.

वर आले तर शोध चालूच. थांबवायचा राहिलेला.
मला हवं ते मिळालं, हे त्याला कुठलं माहीत,
ते आपलं शेवटच्या गल्लीपर्यंत विचारत निघालेलं.
सापडल्या: दोन,
एवढं वाचलं आणि लाइट गेली.
खाली चोवीस माग, एकामागून एक.

दुसरी कसली, कोण जाणे.
लाइट आली की परत पहिल्या दारापासून.
त्याच्या काही लक्षात राहत नाही,
म्हणून तर ते प्रत्येक घर बघतं.